सात माणसं, एक इंडक्शन, आठ दिवस इंदूर : प्रकल्प नोंदी

८ डिसेंबर, रविवार

आईने शेवटी तारीख ठरवली. २१ ला सकाळी इंदूरला पोचायचं, २९ ला दुपारच्या गाडीने परत पुणे. मी, बायको, लेक आणि आई असे चौघं आधी जाणार, दादा-वहिनी आणि पुतण्या नागपूरहून २४ ला. रामबागेतलं आजोबांचं घर विकून कितीतरी वर्षं झाली, मावशी सुदामानगरात आहे पण तिच्या दोन खोल्या आणि मावसभावाचं चार महिन्यांचं बाळ, तिथे सात जण घुसवायचे म्हणजे तिचाच छळ. म्हणून अन्नपूर्णा मंदिराच्या रस्त्याला एक फ्लॅट घेतलाय आठ दिवसांसाठी. जाहिरातीत 'पूर्ण किचन' लिहिलंय. बघू काय पूर्ण असतं ते.

जेवणाची जबाबदारी मी स्वतःहून घेतली, बायकोने 'बरं' एवढंच म्हटलं पण तिचा चेहरा बघण्यासारखा होता. एक शीट बनवलीय. चार माणसं तीन दिवस, सात माणसं पाच दिवस, म्हणजे एकूण ४७ माणूस-दिवस. दोन्ही वेळा बाहेर जेवलो आणि माणशी ताटाला २५० धरले तरी २३,५०० होतात, नाश्ता चहा वेगळाच. मी बजेट धरलंय ९,०००. दादाला फोनवर सांगितलं तर म्हणाला, अरे इंदूरला जाऊन घरी जेवायचं तर इंदूरला जायचंच कशाला.

मुद्दा त्याचा बरोबर आहे, म्हणून नियम असा ठेवला की इंदूरला जे बाहेर चांगलंही मिळतं आणि स्वस्तही मिळतं ते घरी करायचंच नाही. पोहे-जलेबी घरी करणं म्हणजे निव्वळ मूर्खपणा. बाहेर जे महाग पडतं, म्हणजे वरण भात भाजी पोळी, ते घरी. रेस्टॉरंटमध्ये आपण साधारण डाळीचेच पैसे भरून येतो, ती डाळ घरी मूठभर लागते.

१४ डिसेंबर, शनिवार

फ्लॅटवाल्याकडून किचनचे फोटो मागवले. आधी त्याने हॉलचे पाठवले, मग बाल्कनीचे, तिसऱ्यांदा मागितल्यावर किचनचा. एक इंडक्शन, एक मायक्रोवेव्ह (साधाच, कन्व्हेक्शन नाही), छोटा फ्रिज, एक फ्लॅट फ्राइंगपॅन, एक पातेलं, चार ताटं. गॅस नाहीच. बरं झालं विचारलं, कारण आपला ॲल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर चालत नाही, त्याला चुंबकाला चिकटणारा बूड लागतो. लेक फ्रिजवरचं गणपतीचं मॅग्नेट घेऊन सगळ्या भांड्यांना लावत बसली, अर्धा तास गेला पण यादी पक्की झाली. स्टीलचा तीन लिटरचा कुकर चिकटला, कढई चिकटली, आईचा लाडका लोखंडी तवा तर असा चिकटला की मॅग्नेट निघेना. तवा पास.

घरून 'नेयच्या' ऐवजी 'न्यायच्या' वस्तू (हे आईने शीटमध्ये डोकावून सुधारायला लावलं): फोडणीचा छोटा डबा, गोडा मसाला, मेतकूट, शेंगदाण्याचा कूट, लसणाची चटणी, चिंचेचा गोळा, गूळ. हे सगळं मिळून एका बुटाच्या खोक्यात बसतं आणि तिकडे प्रत्येकाचं शंभर ग्रॅमचं पाकीट घ्यायचं वाचतं. प्रवासात असा खर्च मला सगळ्यात जास्त खुपतो, चिमूटभर हिंगासाठी अख्खी डबी घ्यायची आणि ती तिथेच सोडून यायची.

२१ डिसेंबर, शनिवार

पोचलो. गाडीत दुधातल्या दशम्या आणि चटणी खाल्ली, त्याचा खर्च शीटमध्ये नाही कारण ते पुण्याच्या खात्यात.

सामान टाकलं आणि कोपऱ्यावरच पोहे खाल्ले. इंदुरी पोह्यांची गंमत अशी की ते कढईत पडून वाळत नाहीत, खाली पाणी उकळत असतं आणि वर पोह्यांचं पातेलं वाफेवर, त्यामुळे सकाळी नऊचे पोहे साडेदहालाही मऊच. वर बारीक कांदा, मूठभर शेव, मग जिरावण, म्हणजे इथला चटपटीत कोरडा मसाला, भुरभुरायचं, लिंबू. मधेच दाताखाली बडीशेप येते. २५ रुपये प्लेट, चार प्लेट आणि पाव किलो जलेबी ८० ची, १८० मध्ये चौघांचा नाश्ता संपला. आई जलेबी पोह्यांत बुडवून खात होती, लेक बघतच राहिली.

मग किराणा, कॉलनीतल्याच दुकानातून. तूरडाळ अर्धा किलो ८५, मूगडाळ अर्धा किलो ६०, तांदूळ दीड किलो १०५, कणीक दोन किलो ९०, तेल १४५, साखर अर्धा किलो २४, चहा ५५, शेंगदाणे ७५, तूप छोटी बाटली १४०. एकूण ७७९. कूट संपलेला नसताना शेंगदाणे का घेतले माहीत नाही, हात आपोआप जातो. भाजी १६५, दूध-दही ११०. दिवसाचा आकडा १,२३४ आला, मी जुळवलेला नाही, खरंच तेवढाच आला.

आता तव्याची गोष्ट. लोखंडी तवा मॅग्नेटला पास झाला पण तो मधे खोलगट आहे, म्हणजे बाहेरून फुगीर, इंडक्शनच्या काचेवर फक्त मधला रुपयाएवढा भाग टेकतो. पोळी टाकली तर मधोमध एक काळा ठिपका आणि बाकी सगळी कच्ची, आणि इंडक्शन दर दहा सेकंदांनी टूं टूं करून बंद. बायको काही बोलली नाही, फक्त तवा उचलून भिंतीला उभा करून ठेवला. मग फ्राइंगपॅनवर छोटे फुलके केले तिने. गॅसची ज्वाळा नाही तर फुगणार कसे, तर स्वच्छ रुमालाची घडी करून कडेकडेने दाबायचं, हवा फिरत फिरत मधे येते आणि फुगतो की चांगला. पॅन लहान त्यामुळे फुलके पुरीएवढे. आईने सहा खाल्ले आणि म्हणाली आज भूक बरी लागली.

त्यात आणखी एक, कुणीतरी गीझर लावला की इंडक्शनसकट घर अंधारात. म्हणजे आंघोळी आधी, स्वयंपाक नंतर. दारावर चिठ्ठी लावली.

२२ डिसेंबर, रविवार

मावशीकडे जेवण. दारातच, चपला काढायच्या आधी, आईला म्हणाली, "काय गं ताई, इंदूरला येऊन भाड्याच्या घरात राहते? अपन मेलो का?" आई म्हणाली अगं तुला त्रास नको. मावशी म्हणाली त्रास तर आता झाला. तासभर फुगली होती, मग मटाराची कचोरी तळता तळता मूड आला.

मावशीकडचं जेवण म्हणजे प्रकल्पाच्या हिशोबाने शून्य खर्च, असं मी आधी धरलं होतं. पण रिकाम्या हाताने कसं जायचं, मिठाईचा डबा ४६०. एवढ्यात आमचं दीड दिवसाचं जेवण होतं. शीटमध्ये 'मावशी – ४६०' अशी ओळ टाकली. संध्याकाळचं दूध ६६, बाकी काही नाही, कारण रात्री कुणालाच भूक नव्हती, मेतकूट भात तेवढा केला आईसाठी.

परत येताना तिने पिशवी दिली, मेथीच्या दोन जुड्या, लिंबं, कढीपत्त्याची फांदी, लोणच्याची बाटली. डोळ्यांनीच सांगत होती की नाही म्हणायचं नाही.

२३ डिसेंबर, सोमवार

आज मूर्खपणा केला तो लिहून ठेवतो. उद्यापासून सात माणसं म्हणून सियागंजला गेलो, होलसेल किराण्याचा बाजार, स्वस्त मिळणारच. मिळालंही, ६४० च्या सामानात कॉलनीच्या दुकानापेक्षा फारतर ९० वाचले असतील. रिक्षा जाऊन-येऊन २२०. म्हणजे १३० चा तोटा आणि दोन तास. शिवाय तिथे पाव किलो मागताना आपल्यालाच लाज वाटते त्यामुळे साबुदाणा अर्धा किलो हवा होता तो एक किलो आणला. आठ दिवसांच्या मुक्कामाला होलसेल बाजार नाही, घराखालचा दुकानदार, एवढं कळलं. रिक्षाही शीटमध्ये धरली, भाजी ९०. दिवस ९५०, एकूण २,७१०.

रात्री मावशीच्या मेथीचे ठेपले. सुरी बोथट होती इतकी की टोमॅटो चिरताना फुटत होता, मग चिनीमातीचा कप उलटा करून त्याच्या बुडाच्या खरखरीत कडेवर दहा-बारा वेळा घासली. पुरेशी झाली.

२४ डिसेंबर, मंगळवार

दादा-वहिनी-पुतण्या सकाळी आले. पुतण्या सोळा वर्षांचा आहे, त्याचा माणूस-दिवस दीड धरायला हवा होता. नाश्ता बाहेर, ३२०, त्यातली निम्मी जलेबी त्याचीच.

ताटं चार, माणसं सात. वहिनी म्हणाली कागदी प्लेटा आणू, तर लेकीने तिला इंदूरचं कचऱ्याचं गणित समजावलं, तीन दिवसांत पक्की इंदूरकर झालीय. ओला वेगळा, सुका वेगळा, गाडी सकाळी गाणं वाजवत येते, डबा उघडून बघतात, मिसळलेलं असेल तर ऐकून घ्यावं लागतं. खरकटं लागलेली कागदी प्लेट ओल्यात की सुक्यात यावर दोघींचा वाद झाला, निकाल असा की प्लेटाच नको, दोन पंगती करू. आधी मुलं आणि आई.

सात जणांना एका शेगडीवर काय करायचं, याचं उत्तर माझ्याकडे एकच होतं, वरणफळं. वरण, भात, पोळी, भाजी असे चार पदार्थ करायचे तर एक होईतो दुसरा गार. वरणफळात सगळं एकाच पातेल्यात. कुकरला तूरडाळ शिजवून घेतली, मग पातेल्यात मोहरी हिंग कढीपत्ता लसूण, चिंच, गूळ, गोडा मसाला, डाळ, भरपूर पाणी. इकडे बायको आणि वहिनी कणकेच्या जाडसर पोळ्या लाटून शंकरपाळ्यासारख्या कापत होत्या. पाणी खळखळ उकळत असतानाच एक एक फळ सोडायचं, सगळी एकदम टाकली की गोळा होतो. आणि ढवळायचं नाही, पातेलं कडेने धरून हलवायचं. वीस मिनिटं. वर तूप. पुतण्याने विचारलं हा पास्ता आहे का, आई म्हणाली हो, आमच्या वेळचा. तीन वाट्या खाल्ल्या त्याने.

डाळ दीड वाटी, कणीक तीन वाट्या, बाकी मसाले घरचेच, सात माणसं पोटभर. मी शीटमध्ये हिशोब केला तर शंभराच्या आत आलं. दादाला दाखवलं. तो म्हणाला आता झोप.

दिवस ६७०, एकूण ३,३८०.

२५ डिसेंबर, बुधवार

सराफा. यासाठी पैसे आधीच राखून ठेवले होते, एक हजार. दिवसा सोन्या-चांदीची पेढी, रात्री दुकानांची शटरं खाली आली की त्यांच्याच पायऱ्यांवर आणि समोर खाण्याच्या गाड्या लागतात, आणि गर्दी अशी की माणूस चालत नाही, ढकलला जातो.

माझी युक्ती अशी होती की निघायच्या आधी सगळ्यांना घरी थोडा थोडा मूगडाळीच्या खिचडीचा घास द्यायचा. भुकेलं पोट सराफ्यात गेलं की आधी पावभाजीच्या नाहीतर डोशाच्या गाडीवर थांबतं आणि तिथेच भरतं, मग खास इंदूरचं जे आहे त्याला जागा नाही. दुसरं, प्रत्येक प्लेट तिघांत. गराडू (तळलेला कंद), भुट्ट्याचं कीस, खोबऱ्याची पॅटीस, दहीवडा, मग थाळीएवढा जलेबा. शिकंजी मागवली तर पुतण्याला वाटलं लिंबाचं सरबत, हातात आली दाट आटवलेल्या दुधाची. इथली शिकंजी तशीच असते.

दीड तास युक्ती चालली. मग दादा म्हणाला हे काय मोजून मापून, आणि मावा बाटी सातच्या सात मागवल्या. त्यानंतर कुणी मोजलं नाही. १,४८० झाले. दिवसाचं बाकी २४०. एकूण ५,१००. मी काही बोललो नाही, आई रात्री साडेअकराला सराफ्याच्या पायरीवर बसून रबडी खात होती आणि सांगत होती की लहानपणी आजोबा इथे फक्त ती पास झाली की आणायचे.

२६ डिसेंबर, गुरुवार

आज मोठाच गुंता. आईची एकादशी, आणि वहिनीचा मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार. वहिनीचा उपास संध्याकाळी पुजेनंतर पुरणावरणाच्या नैवेद्याने सुटतो, आईची एकादशी आज सुटतच नाही, उद्या. शिवाय वहिनीचं माहेर एकादशीवालं. मग आज गुरुवारचा उपास सोडायचा की नाही यावर नागपूरला फोन, पुण्याला फोन, शेवटी मावशीला फोन. मावशी म्हणाली नैवेद्य दाखवायचा, स्वतः फराळच करायचा, जेवायचं उद्या. तिच्या सासूबाई असंच करायच्या म्हणे. झालं, ठरलं.

आता साबुदाणा. एक किलो आणल्याबद्दल तीन दिवस बोलणी खात होतो, आज कामाला आला, अर्धा किलो रात्री भिजवला. चूक होते ती पाण्यात. साबुदाणा बुडून वर बोटभर पाणी ठेवलं की सकाळी लगदा. धुवून घ्यायचा, सगळं पाणी निथळायचं, आणि जेमतेम साबुदाण्याच्या पातळीएवढं पाणी ठेवून झाकायचं. सकाळी दाणा दोन बोटांत चुरडला गेला पाहिजे, मधे कडक कण राहिला तर पाण्याचा हबका मारून अजून अर्धा तास. कूट घरून आणलेला इथे संपला आणि तेव्हा शेंगदाणे कामाला आले, म्हणजे २१ तारखेचा हातही चुकला नव्हता. शेंगदाणे मायक्रोवेव्हमध्ये भाजले, एक एक मिनिट करून तीनदा, दर वेळी हलवून. आठ दिवसांत मायक्रोवेव्हचा हा एकच खरा उपयोग झाला.

खिचडी एकदम सात जणांची केली असती तर चिकट झाली असती, कढई लहान, म्हणून तीन घाणे. इथे राजवाड्याकडे खिचडी मिळते तीही पोह्यांसारखी वाफेवर ठेवलेली असते आणि तिच्यात फराळी मिक्स्चर घालून देतात, मला आवडते. पण आईचं म्हणणं उपासाला बाहेरचं चालत नाही, जिरावणही नाही, त्यात काय काय असतं. काल रात्री सराफ्यात काय काय होतं ते मी विचारलं नाही.

नैवेद्याचं पुरण एवढ्याशा वाटीचं केलं, चणाडाळ शेजारच्या दुकानातून पाव किलो. खाल्लं उपास नसलेल्या आम्ही. बटाटे, रताळी, केळी वगैरे ४३०, दूध १४०. एकूण ५,६७०.

२७ डिसेंबर, शुक्रवार

महेश्वर. इंदूरहून साधारण नव्वद किलोमीटर, सकाळी सातला निघालो. गाडीचं भाडं प्रवासखात्यात, जेवण माझ्या.

सकाळी पाचला उठून तिखटमिठाच्या पुऱ्या आणि बटाट्याची सुकी भाजी. भाजीत कांदा नाही घातला, दुपारपर्यंत आंबण्याची भीती नको. एका इंडक्शनवर तळण करताना तेल थोडंच घ्यायचं आणि लहान खोल पातेल्यात, दोन-दोन पुऱ्या. वेळ लागतो पण उरलेलं तेल टाकावं लागत नाही, तेच भाजीच्या फोडणीला.

अहिल्याबाईंच्या किल्ल्याखाली घाटाच्या पायऱ्यांवर बसून खाल्लं. समोर नर्मदा. आईने पहिली अर्धी पुरी पाण्यात माशांना टाकली. तिथे चहा, पेरू, येताना कचोऱ्या, ३८०. सकाळचं १५०. एकूण ६,२००.

रात्री उरलेल्या पुऱ्या कुस्करून फोडणीला टाकल्या. कुस्करा सगळ्यांना पुरला आणि सगळ्यात जास्त तोच आवडला, असं लेकीचं मत.

२८ डिसेंबर, शनिवार

आज मावशीकडचे चौघं आमच्याकडे जेवायला. वहिनीनेच बोलावलं, मला विचारलं नाही, अकरा माणसं. मेनू मी ठरवला, दाल-बाफले आणि गराडू. अतिआत्मविश्वास म्हणतात तो हाच.

बाफल्याचं जाडसर पीठ इथल्या चक्कीवर मागितलं की लगेच मिळतं, दोन किलो. त्यात ओवा, मीठ, तुपाचं मोहन, थोडं दही. घट्ट मळून गोळे, मग हळद घातलेल्या उकळत्या पाण्यात सोडायचे, तरंगून वर आले की झाले. इथवर मस्त. पुढे ते भाजायचे असतात, आणि माझ्याकडे गोवऱ्याही नाहीत नि ओव्हनही नाही. मी चार बाफले मायक्रोवेव्हमध्ये टाकले सहा मिनिटं. बाहेर आले ते दिसायला बरे होते. पुतण्याने एक टेबलावर आपटला तर टेबलाला खोच पडली. खोटं नाही सांगत, छोटी आहे, चादर टाकलीय त्यावर.

मग पॅनमध्ये तूप घालून झाकण ठेवून मंद आचेवर, सहा बाफल्यांना वीस मिनिटं, एकूण अठ्ठावीस करायचे, आणि डाळ अजून व्हायची. साडेपाच वाजले होते. शेवटी बायकोने मला न विचारता मावशीला फोन केला. दहा मिनिटांत मावसभाऊ स्कूटरवर, उकडलेल्या बाफल्यांची परात घेऊन गेला, त्यांच्याकडे गॅसवरचा बाटीचा तंदूर आहेच, इकडे बहुतेक घरी असतो. सात वाजता मावशी, तिचे यजमान, सूनबाई बाळाला घेऊन, आणि भाजलेले बाफले कापडात गुंडाळून, सगळं एकदमच आलं.

तोवर दादा गराडू सोलत होता. मी सांगितलं होतं हाताला तेल लाव, याची खाज सुटते, त्याने ऐकलं नाही. तासभर हात गार पाण्यात घालून बसला. फोडी आधी कुकरला एक शिट्टी, मग तळायच्या, बाहेरून कुरकुरीत झाल्या की जिरावण आणि लिंबू. सराफ्यात प्लेट ७० ला होती, आज बाजारात किलो ८० ला. दीड किलो आणला तरी उरला नाही.

जेवणं झाल्यावर मावशी किचनमध्ये आली, इंडक्शनकडे बघितलं, भिंतीला उभ्या तव्याकडे बघितलं, आणि मग लॅपटॉपकडे. तो उघडाच होता.

"हिशोब लिहितो का?"

मी म्हटलं, असाच, गंमत म्हणून.

चष्मा वर-खाली करून वाचत गेली. तूरडाळ, भाजी, दूध, आणि मग 'मावशी – ४६०'. मला फ्रिजमध्ये जाऊन बसावंसं वाटलं. आई बाहेरून म्हणतेय काय झालं.

"म्हणजे मी तुला महागात पडले," मावशी म्हणाली, आणि इतकी हसली की बाळ उठलं.

मग तिला उरलेलं सामान दिलं, परत न्यायला जड. अर्धा किलो साबुदाणा, थोडी तूरडाळ, तेलाची अर्धी पिशवी. मला वाटलं नाही म्हणेल, पण काही न बोलता घेतलं. आजचे १,१५०, एकूण ७,३५०.

२९ डिसेंबर, रविवार

दादा-वहिनी पहाटेच गेले. सकाळचं दूध ६०. शीट बंद, ७,४१०. माणशी दिवसाला १५८ च्या आत. बजेटपेक्षा १,५९० कमी. बायकोला दाखवलं, तर तिने शेव, मिक्स्चर आणि जिरावणाची पिशवी दाखवली, काल मारोठिया बाजारातून आणलेली, १,६४०.

फ्रिज रिकामा केला. राहिलं होतं ते म्हणजे शिळा भात, दोन टोमॅटो, मूठभर मटार, कोथिंबिरीच्या काड्या. सगळं एकत्र करून फोडणीचा भात, काड्यासकट. ओला डबा, सुका डबा खाली नेऊन दिला, गाणं वाजत होतं. गाडीसाठी मी आठ ठेपले करून घेतले, म्हणजे रात्रीचं जेवण तिथेही विकत नको.

स्टेशनवर मावशी उभी होती. हातात चार खणांचा स्टीलचा डबा. म्हटलं अगं आमचे ठेपले आहेत, ती म्हणाली राहू दे तुझे ठेपले. गाडी सुटल्यावर उघडला, पहिल्या खणात साबुदाण्याचे वडे. माझाच साबुदाणा. खाली दही, चटणी, वरच्या झाकणाला रबर लावून चिठ्ठी, 'याचे किती लिहिणार?'

डब्यावर तिच्या सासरचं नाव कोरलेलं आहे. आई म्हणते असा डबा कुरियरने पाठवायचा नसतो.